सत्तावीस नंबरचा डबा

हे लिहून ठेवायचंच नाही असं गणराजनं जवळजवळ ठरवलं होतं. तीनदा मोबाईलवर टाईप केलं आणि तीनदा पुसलं. चूक कबूल करणारा माणूस वाचणाऱ्याला हळूहळू आवडायला लागतो, आणि गणराजला कुणाला आवडायचं नव्हतं. या बाबतीत तर नाहीच नाही.

डबा जड लागला, तिथून सुरू झालं. रविवार, सकाळचे दहा. अलिबागच्या खालच्या अंगाला, बंदराजवळच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात अन्नपेढीचं टेबल, टेबलामागं गणराज, पुढं पन्नास-साठ माणसांची लाईन. जून-जुलै दोन महिने समुद्रात होड्या घालायला बंदी. होड्या किनाऱ्यावर ताडपत्र्या पांघरून उभ्या, आणि त्यांच्यावर जगणारे खलाशी, मासळी निवडणाऱ्या बाया, बर्फ फोडणारे, सगळ्यांच्या चुली अर्ध्यावर आलेल्या. त्यांच्यासाठी ही पेढी. दर रविवारी स्टीलचा एक डबा भरून तांदूळ, वर डाळीची आणि तेलाची पिशवी. डब्यावर लाल रंगात नंबर. पुढच्या रविवारी डबा परत आणायचा आणि भरलेला दुसरा न्यायचा. आलेला डबा उचलून मागं रचायचा आणि यादीत खूण करायची, एवढंच गणराजचं काम. सात रविवारांत रिकाम्या डब्याचं वजन त्याच्या हाताला पाठ झालं होतं. सत्तावीस नंबर उचलला आणि हात चुकला. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसं झालं. त्यानं झाकण उघडलं. आत सोडे. सोललेली कोलंबी उन्हात वाळवून केलेले, केशरी, एकसारखे, अर्धा डबा भरून. वास असा उठला की मागच्या चार माणसांनी माना वर केल्या.

डबा आणणारी अतियाचाची, त्याचा मित्र तबरेजची आई, समोर उभी होती. डोक्यावरून ओढणी नीट, हात टेबलाच्या कडेला टेकलेले. ती हसली. लाजून वगैरे नाही, आपल्या ओट्यावरून हसावं तसं. आणि गणराजला राग आला. किती आला हे त्याला सांगता यायचं नाही. एखाद्यानं भरल्या बाजारात आपल्या शर्टाची कॉलर सरळ करावी, त्यात येतो तसला. हिला कुणी सांगितलं होतं? हिनं घ्यायचं आणि जायचं. मान जरा खाली घालायची, मग आम्हालाही बरं वाटतं आणि लाईनही पुढं सरकते. सात आठवडे तो या लाईनीचा तिरस्कार करत आला होता आणि त्यालाच ते ठाऊक नव्हतं. पुढं घुसणाऱ्यांचा, पिशवी उघडून तिथंच डाळ तपासणाऱ्यांचा, "देव तुझं भलं करो" म्हणणाऱ्यांचा तर सगळ्यात जास्त. देवाला मधे आणलं की आपण पोस्टमन होतो, असं त्याला वाटायचं.

तसं पहिले दोन रविवार कुणीच डबा रिकामा आणला नव्हता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही इकडची रीतच. कोळीवाड्यात तीच, मोहल्ल्यात तीच, वर भातशेतीच्या गावांतही तीच. साखरेची चिमूट घाला, दोन मिरच्या घाला, काहीच नसेल तर शेवग्याचा पाला घाला, पण भांडं मोकळं जाता कामा नये. त्यामुळं डब्यांतून आमसुलं आली, खोबऱ्याची कातळी आली, एकदा तर एक अंडं आलं, आणि ते फुटून खालच्या चार डब्यांना चिकटलं. पेढी चालवणारा अल्पेश वैतागला. त्याचं बंदरावर हार्डवेअरचं दुकान, बंगलेवाल्यांशी ओळखी, पेढीला माल त्याच्यामुळंच यायचा. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त गोष्टी सरळ लागायच्या, कपाटात रंगांचे डबे लावावेत तशा. त्यानं भिंतीवर पाटी लावली. डबा स्वच्छ आणि रिकामा आणावा. पाटी लागली आणि डबे रिकामे यायला लागले. अगदी रिकामे मात्र नाहीत. गणराजनं पाहिलं होतं, बऱ्याच डब्यांच्या तळाशी चार-पाच तांदळाचे दाणे असायचे. धुऊन, पुसून, मग मुद्दाम टाकलेले. अल्पेशला ते दिसले नाहीत आणि गणराजनं दाखवले नाहीत. ते झटकून टाकताना त्याला दर वेळी उगाचच चिडायला व्हायचं.

"चाची, हे काय?" तो म्हणाला.

"सोडे हायत. वांग्यात टाक. तुला आवडतात ना."

तुला आवडतात ना. लाईनीतल्या सगळ्यांनी ऐकलं. आता टेबलामागचा माणूस आणि टेबलापुढची बाई असं काही उरलंच नाही. तिनं त्याला एका वाक्यात उरणच्या खोलीत नेऊन बसवलं. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात तो आणि तबरेज दोघं लागले होते, दोघांची मिळून एक खोली, आणि दर सोमवारी तबरेज गावाहून यायचा तो अम्मीचा डबा घेऊन. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, ईद असली की मटण. तबरेज कामावरून यायच्या आधी गणराज अर्धा डबा संपवून बसलेला असायचा. दोन वर्षं खाल्लं त्यानं त्या बाईच्या हातचं. आणि डबा परत गेला तो रिकामा, बऱ्याचदा न धुतलेला, मसाल्याचा पिवळा ओघळ वाळून चिकटलेला. तिनं कधी तोंडातून काढलं नाही. पोरंच ती, म्हणाली असेल. पण आज तिनं काढलं का? या सोड्यांत तेच होतं का? बघ, असा परत करायचा असतो. तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, त्याला भांडता आलं असतं.

"आ शुं? काय आहे?" अल्पेश गोणी सोडून आला. डब्यात वाकला, दोन सोडे बोटात धरून बघितले. "अरे बाबा. हे बंगल्यावरचे लोक शोधत फिरतात, त्यांना मिळत नाही. कोणाचा डबा?"

"सत्तावीस," गणराज म्हणाला. नाव नाही घेतलं.

"बेन, पाटी वाचली नाही?"

"वाचली," अतियाचाची म्हणाली. "रिकामा डबा परत करत न्हाय आमच्यात. तुमच्यात करतात?"

लाईनीत कुणीतरी फिसकन हसलं. अल्पेशचे कान लाल झाले. माणसाला लोकांसमोर हसलं की तो नियम काढतो. त्यानंही काढला. मागच्या भिंतीला टेकवलेली यादी उचलली, सत्तावीसवर बोट ठेवलं, आणि गणराजकडं वळला. "यांचा मुलगा बाहेर असतो ना? गल्फला? तू ओळखतो ना यांना?"

आता इथं जे झालं त्याला मोजून चार-पाच सेकंद लागले असतील. गणराजला माहीत होतं की तबरेजचं दोह्यातलं काम फेब्रुवारीतच गेलंय. तिथंच एका खोलीत नऊ जणांत तो पडून आहे, दुसरं काम शोधतोय, आणि अम्मीला सांगतो की ड्युटी बदललीय म्हणून घरी पाठवायला उशीर होतो. हे फक्त गणराजला माहीत. "अम्मीला नको सांगू, भावा. तिची झोप उडेल." मे महिन्यात गणराज सहज त्यांच्या घरी गेला तेव्हा स्वयंपाकघरात गॅसचा सिलिंडर जमिनीवर आडवा ठेवलेला होता. संपत आलेला गॅस आडवा केला की अजून दोन दिवस ओढतो, हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांनाच कळतं. मकसूदचाचा जाऊन सहा वर्षं झालेली, घरात बाई एकटी. त्यानं काही विचारलं नाही. तिचं नाव यादीत घातलं आणि तिला सांगितलं, "चाची, बंदरातल्या सगळ्यांनाच देतायत, तुम्ही पण या." तबरेजला यातलं काही कळवलं नाही. दोघांची गुपितं दोन खिशांत घेऊन तो फिरत होता आणि त्याला स्वतःचं जरा कौतुकही वाटत होतं.

तर त्या चार-पाच सेकंदांत त्यानं एवढंच म्हणायचं होतं, "अल्पेशभाई, राहू दे, मी बघतो." तबरेजचं गुपित फोडायची गरज नव्हती. तो नंतर स्वतःला समजावत राहिला की मित्राला शब्द दिला होता म्हणून आपण गप्प बसलो. खोटं. त्या वेळी त्याच्या डोक्यात तबरेज नव्हताच. त्याच्या डोक्यात आई होती.

माणगावकडचं त्याचं गाव. वीस सालचं चक्रीवादळ येऊन गेलं, घराची अर्धी कौलं उडाली, भाताची कणगी भिजली, आणि पाचव्या दिवशी शहरातून एक टेम्पो आला. निळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत सामान. घरटी एक बादली, हातात धरून फोटो, मग सामान ओतून घ्यायचं आणि बादली परत द्यायची, कारण पुढच्या गावाला तीच. आईनं सामान परातीत ओतलं आणि आत गेली. बाहेर आली ती ओंजळीत पोहे घेऊन. घरचे, लाल, वर टांगलेल्या मडक्यात होते म्हणून वाचलेले. बादलीत घातले आणि बादली पुढं केली. जॅकेट घातलेला एक जण होता, गणराजच्याच वयाचा. तो हसला. दुष्टपणानं नाही, खरंच गंमत वाटल्यासारखा. "मावशी, हे आम्ही काय करू?" आणि त्यानं बादली खळ्यात उलटी केली, तळावर दोन थापा मारल्या. कोंबड्या धावल्या. आई तशीच उभी. ओंजळ अजून उघडी होती. लोकांना वाटेल गणराजला त्या जॅकेटवाल्याचा राग आला असेल. नाही. त्याला आईचा आला. काय गरज होती? घेतलं ना मुकाट्यानं, फोटो काढला ना, मग हे कशाला? आपल्याकडं द्यायला काही नाही हे जगाला कळलंच होतं, ते तू वाजवून कशाला सांगितलंस? त्या रात्री तो तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला का, ते कधी कळलं नाही, आणि त्यानं कधी सांगितलं नाही.

"हो," गणराज म्हणाला. "दोह्याला असतो."

"बस मग," अल्पेश म्हणाला. "ज्याच्या घरी नाही त्याला जाऊ दे. गल्फवाल्याला कशाला?"

पेन गणराजकडं होतं. काट त्यानं मारली. पट्टी लावल्यासारखी सरळ आली. मग जुनं वर्तमानपत्र पसरलं, सत्तावीस नंबर त्यावर उलटा केला आणि तळावर दोन थापा मारल्या. थापांचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोचला तेव्हा हात थांबला, पण तोवर डबा मोकळा झाला होता. दोन सोडे घरंगळून टेबलाखाली गेले.

अतियाचाचीनं त्याच्याकडं पाहिलं. ती रडली बिडली नाही. वर्तमानपत्राची चारी टोकं तिनं एकत्र केली, पुडी बांधली, ओढणीच्या टोकात धरली. मग वाकली आणि टेबलाखालचे दोन उचलले. गुडघ्यावर हात देऊन वर येताना तिला वेळ लागला. "ठीक हाय, बेटा," म्हणाली, आणि लाईनीच्या कडेकडेनं बाहेर गेली. प्रत्येक जण तिला वाट देण्यासाठी जरा जास्तच बाजूला सरला. पुढचा नंबर एकेचाळीस होता. गणराजनं डबा घेतला. रिकामा, बरोबर वजनाचा.

दुपारी टेबल उचलून तो बाहेर आला तर बायजा दारातल्या ओट्यावर बसलेली. सत्तरीची कोळीण, कानात जड सोनं होतं त्याची आता नुसती लोंबती भोकं. तिनं त्याला जाऊ दिलं नाही. "बस रं सायबा."

"उशीर झालाय, आजी."

"कवा झालाय? तुझी होरी निंगाली काय?" तिनं तंबाखू मळली. "तुला काय वाटला, ते सोडे त्या बाईनं इकत घेतलं?"

गणराज ओट्याच्या कडेला टेकला.

"माझ्या बाजूला बसून कोलमी सोललीय तिनं. जानेवारी ते मे. गल्फवाल्याची आय, पन बसली. टोपलीमागं मूठभर मिलतं सोलनारीला. बाकी बाया त्याच दिशी शिजवून खातात. ही न्हाय. ही घरला नेऊन सुकवायची. मागल्या आठवड्यात मी बोल्ले, काय गो, पोराच्या लग्नाला ठेवलेस काय ते? तर बोल्ली, फुकटचा खाते मी रविवारी, त्या पोराला काय तरी द्याया होवा." बायजानं तंबाखू तोंडात टाकली. "त्या पोराला. त्या शेटला न्हाय."

"मला माहीत नव्हतं."

"तुला ठावं व्हतं," बायजा म्हणाली. "तुझा थोबाड बघत व्हते मी लायनीत." आणि ती उठून गेली. शिवीसुद्धा दिली नाही. कोळणीनं शिवी न देता जावं, याच्यासारखा अपमान त्या बंदरावर दुसरा नसेल.

सोमवार, मंगळवार त्यानं स्वतःच्या बाजूनं बरेच मुद्दे काढले. तो अलिबागला एका कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं चढवायचा, त्या कामात डोकं मोकळं राहतं आणि हेच वाईट. अल्पेशनं विचारलं म्हणून सांगितलं. खोटं काही बोललो नाही, दोह्यालाच असतो. नियम नियम असतो. नंबर कुणाला तरी दुसऱ्याला मिळेल, तोही गरजूच. एकेक मुद्दा खरा होता आणि एकेक उचलला की खालून सोड्यांचा वास यायचा. हात दोनदा साबणानं धुतले. मग त्याला वाटलं, पेढीच सोडावी. अल्पेशला मेसेज करावा, तब्येत बरी नाही. लोकांचं भलं करायला जन्माला आलोय असं कुणी सांगितलं होतं? आणि याच विचारात त्याला सगळ्यात जास्त आराम पडला, म्हणून त्यानं तो पुन्हा पुन्हा केला. आईला फोन करावा असंही आलं मनात. केला नाही. काय विचारणार होता, त्या पोह्यांचं? ती म्हणाली असती, कसले पोहे?

बुधवारी दुपारी डबा खायच्या सुट्टीत तबरेजचा फोन आला. आवाज मोकळा, मागं कुणाचा तरी मिक्सर चालू.

"काय भावा, जेवतोस की नाही? अम्मी बोलली काल, गणराज लय बारीक झालाय, विचार त्याला."

"अजून काय बोलली?"

"काय नाय. बंदरावर दिसला म्हणाली. का रे?"

तिनं सांगितलं नव्हतं. इथंच गोष्ट संपवता आली असती. कुणालाच काही कळलं नसतं. अतियाचाची कधी बोलणार नव्हती, बायजाला दोह्याचा नंबर माहीत नव्हता. गणराजनं डब्याचं झाकण लावलं आणि सांगितलं. पाणी ओतावं तसं सगळं, मधे न थांबता. सिलिंडर, यादी, लाईन, सोडे, अल्पेश, काट. थापाही सांगितल्या. मिक्सर बंद झाला होता. तबरेज खोलीतून बाहेर आला असावा, वारा ऐकू येत होता.

"अम्मी लायनीत उभी राहते?" तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"जूनपासून. सात रविवार."

"आणि तू मला रोज गुड मॉर्निंग पाठवतोस."

गणराजनं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"तिला माहीत आहे का, माझं काम गेलंय ते?"

"मी नाही सांगितलं. पण कोलंबी सोलायला बसली जानेवारीपासून. म्हणजे तुझं काम जायच्याही आधी. काय ओळखलं तिनं, मला नाही माहीत."

 मग तबरेज बोलला तेव्हा आवाज एकदम साधा होता, यार्डात कंटेनरचे नंबर सांगायचा तसा. "मला एक सांग. तू गप्प का बसलास? माझ्यासाठी बसलास असं बोललास ना, तर मी फोन ठेवतो."

"तुझ्यासाठी नाही."

"मग?"

"तिनं आणलेलं मला बघवलं नाही," गणराज म्हणाला. "लाईनीतल्या माणसानं असं काही आणावं, ते मला बघवत नाही. का ते नीट सांगता येत नाही मला."

"हरामी आहेस तू," तबरेज म्हणाला. आणि पुन्हा, "लय हरामी आहेस."

"मी सोडतोय पेढी. अल्पेशला आज सांगतो."

"सोडतोस काय? म्हणजे तू घरी झोपणार आणि अम्मी बंदरावरून जाताना लोक बोलणार, बघा, गल्फवाली, फुकटचा तांदूळ खात होती, पकडली. काट तू मारलीस ना? लोकांसमोर मारलीस ना? मग तिथंच बसायचं."

"नाव परत घालतो. भांडतो मी अल्पेशशी."

"घाल. ती येणार नाही. ती आता त्या कारखान्याच्या रस्त्यानं पण जाणार नाही, ओळखतो मी तिला. पण नाव पाहिजे मला तिथं. आणि रविवारी लाईन उभी असताना सगळ्यांना सांगायचं. तबरेजचं काम गेलंय, मला माहीत होतं, आणि माहीत असून मी काट मारली. अल्पेशच्या कानात नाही सांगायचं. मोठ्यानं."

"तुझं गुपित?"

"ते मी अम्मीला आज सांगतो. तिला लोकांकडून कळता कामा नये, एवढंच. रविवारपर्यंत थांब."  मागं कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं "आया" म्हटलं आणि गेला नाही. "आणि एक. घरी जायचं नाहीस तू."

"तबरेज, एकदा तरी जाऊन—"

"नाही. तू दारात उभा राहिलास की ती तुला आत घेणार. बस म्हणणार. घरात असेल नसेल ते पुढं ठेवणार. तू माफी मागणार, ती जाऊ दे म्हणणार, आणि तू पोटभर जेवून हलका होऊन येणार. तेवढं तिला करायला लावू नको. तुला हलकं वाटायचं असेल तर दुसरीकडं कुठं तरी जा."

गणराजला वाटलं होतं, शिव्या पडतील, मैत्री तुटेल, काहीतरी मोठं होईल. हे त्याहून अवघड होतं. त्या घराचा ओटा, वरच्या फळीवरचे कप, ती चहात आल्याऐवजी घालते ती गवती चहाची पात, सगळं एकाएकी इतकं लांब गेलं की दोहा जवळ वाटावं.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"बोल मग."

"रविवारी लाईनीसमोर सांगेन. मोठ्यानं. पेढी सोडणार नाही. आणि घरी जाणार नाही."

"तिनं बोलावलं तरी?"

ती बोलावणार होती. दोघांनाही ते माहीत होतं. महिन्याभरात कुणाच्या तरी हाती निरोप येणार होता, त्या बारीक झालेल्या पोराला पाठवा म्हणून.

"तिनं बोलावलं तरी नाही जाणार," गणराज म्हणाला. "शब्द देतो."